ओल्या घरट्यांवरची धाड

मृग लागला, तळी भरू लागली, की या राज्यात दोन प्रकारचे शिकारी पाण्याकडे वळतात. पहिला फासेवाला. त्याच्या पोटात भूक असते, पिशवीत नायलॉनचे फासे असतात आणि वनरक्षकाच्या हाती लागला की त्याची रवानगी थेट कोठडीत होते. दुसऱ्याच्या खांद्यावर काही लाखांची लेन्स असते, अंगात पानाफुलांच्या नक्षीचे जाकीट असते आणि त्याला कोणी हटकत नाही. तो मांडीभर पाण्यात शिरतो, अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला उठवतो, कुडकुडणाऱ्या पिलांवर नेम धरतो आणि दिवेलागणीच्या आत शे-पाचशे अनोळखी लोकांची वाहवा खिशात घालतो. पुढे ऑक्टोबरात त्याचा सत्कारही होतो. शाल-श्रीफळ देणारे हात पुष्कळदा सरकारी असतात!

आज आम्हाला या दुसऱ्या शिकाऱ्याविषयी बोलायचे आहे. त्याला शिकारी म्हटल्याने ज्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या असतील त्यांनी १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम उघडावा आणि कलम २ चे सोळावे उपकलम वाचावे. शिकारीच्या व्याख्येत मारणे, पकडणे, विष घालणे, फास लावणे तर आहेच. पण पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणे, हेसुद्धा तिथे स्वच्छ शब्दांत शिकार म्हणूनच नोंदले आहे. कलम ९ ने ही शिकार बंद केली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पक्षी पहिल्या अनुसूचीतला असेल, किंवा शिकार अभयारण्याच्या हद्दीत झाली असेल, तर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षे. आणि हा कायदा अभयारण्याच्या कुंपणापाशी थांबत नाही. गावतळे असो, कालव्याकाठची दलदल असो, कोणाच्या मालकीची बांधी असो, घरटे जिथे तिथे तो लागू आहे. आता वनखात्याने एवढेच जाहीर करावे की, कॅमेऱ्यासाठी घरट्याला उपद्रव दिला म्हणून गेल्या पन्नास वर्षांत महाराष्ट्रात किती जणांवर गुन्हे दाखल झाले. आकडा मोठा असेल तर आम्ही आमचे शब्द आनंदाने मागे घेऊ.

हा धंदा पावसातच का फोफावतो हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण त्याचे मूळ यंत्रात आहे. पावसाची धार चित्रात रेघेसारखी उमटावी असे वाटत असेल तर शटरचा वेग खाली आणावा लागतो, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास. एवढ्या मंद शटरला हलणारा पक्षी चालत नाही. तो पुसट येतो. पाहिजे असतो दगडासारखा निश्चल पक्षी. आणि मुसळधार पावसात उघड्यावर निश्चल बसून राहणारा पक्षी कोण? जो अंड्यांवर बसला आहे तो. बाकीचे आडोशाला जाऊ शकतात, त्याला जाता येत नाही. त्याची ही लाचारीच छायाचित्रकाराची सोय ठरते. त्यातून आभाळ भरलेले, उजेड कमी. उजेड कमी म्हणून आयएसओ चढवावा लागतो, आयएसओ चढला की चित्रात दाणे पडतात, दाणे पडले की क्रॉप करून पक्षी मोठा करता येत नाही. मग उपाय एकच उरतो: पाय पुढे टाकणे. पक्ष्याला माणूस दूर हवा असतो नेमका त्याच वेळी माणूस जवळ सरकतो.

‘आमची लेन्स लांबची आहे, आम्ही दूरच असतो’ असे सांगणाऱ्यांसाठी शाळेतले गणित मांडतो. तीस सेंटिमीटरचा पक्षी, सहाशे मिलिमीटरची लेन्स, छत्तीस मिलिमीटर रुंदीचा सेन्सर. पक्ष्याने चौकटीची निम्मी रुंदी भरायची तर छायाचित्रकार त्याच्यापासून दहा मीटरवर हवा. दहा मीटर म्हणजे एसटीच्या एका गाडीची लांबी. चारशेची लेन्स असेल तर साडेसहा-सात मीटर. भिंतीवर टांगायच्या त्या ‘अप्रतिम’ चित्रात चोचीवर ओघळणारा थेंब मोजता येत असेल, तर तो माणूस कुठे उभा होता हे चित्रच सांगते. वेगळा साक्षीदार लागत नाही.

आता पलीकडे काय घडते ते पाहू. टिबुकली हा आपल्या प्रत्येक तळ्यावरचा, मुठीएवढा पाणपक्षी. तिचे घरटे म्हणजे कुजक्या पाणवनस्पतींचा तरंगता ढीग. घरटे सोडताना ती अंड्यांवर ओल्या शेवाळाचे पांघरूण ओढून जाते. वरून पाहणाऱ्या कावळ्याला तिथे फक्त कचरा दिसतो. ही सगळी तटबंदी तिला दोन-चार क्षणांचा अवधी मिळाला तरच उभी राहते. अचानक कोणी अंगावर आले की ती पांघरूण न घालताच बुडी मारते. अंडी उघडी. कावळे काही आंधळे नाहीत. माणूस पाण्यात उतरला की काहीतरी उठणार, हे त्यांना छायाचित्रकारांपेक्षा आधी कळते. शिवाय लव्हाळ्यातून माणूस गेला की वाट पडते, आणि त्या वाटेने रात्री मुंगूस आणि कुत्री येतात. छायाचित्रकार तेव्हा घरी बसून रंग सुधारत असतो.

अंडी गरम राहायला हवीत, सदतीस अंशांच्या आसपास. कोरड्या दिवसात पक्षी थोडा वेळ उठला तर निभावते. पावसाच्या माऱ्यात उघडी पडलेली ओली अंडी किती वेगाने थंड होतात हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. बगळ्या-पाणकावळ्यांची नुकती फुटलेली पिले तर जवळपास उघडीनागडी असतात, स्वतःची ऊब स्वतः धरू शकत नाहीत. आई-बाप पंख पसरून छत्री धरतात म्हणून ती पहिला आठवडा काढतात. ती छत्री उडवून लावायची आणि खाली थरथरणाऱ्या पिलांचे ‘भावपूर्ण’ चित्र काढायचे, यात जी कला आहे ती आम्हाला दिसत नाही. सारंगागारात, म्हणजे जिथे बगळे, पाणकावळे, चित्रबलाक झाडावर दाटीने घरटी करतात तिथे, गोष्ट आणखी वाईट. जरा मोठी झालेली पिले घाबरली की पोटातले अन्न ओकून टाकतात, फांद्यांवर चढू लागतात आणि खाली कोसळतात. खाली पडलेल्या पिलाला आई-बाप भरवायला येत नाहीत. एका माणसाच्या एका चकरेत अशी किती पिले पडली हे कोणत्याही चित्राच्या मथळ्यात लिहिलेले आम्ही पाहिलेले नाही.

मथळ्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. कमळपक्ष्याचे चित्र पाहा. शिंगाड्याच्या तरंगत्या पानांवर चार तकतकीत तांबूस-तपकिरी अंडी, त्यावर पावसात भिजत बसलेला लांब शेपटीचा देखणा पक्षी, आणि खाली ओळ: ‘आईची माया’. त्या आईला मिशा आहेत, महाराज! कमळपक्ष्यात अंड्यांवर नर बसतो, एकटा नर, पंचवीस-सव्वीस दिवस. मादी अंडी घालून पुढच्या नराकडे निघून गेलेली असते. पाणी चढले किंवा जागा धोक्याची वाटली तर तोच बाप अंडी चोच आणि छातीच्या बेचक्यात धरून दुसऱ्या पानावर हलवतो. ज्याला उठवायला आपण निघालो तो नर आहे की मादी याचाही पत्ता नसलेले लोक स्वतःला ‘निसर्गाचे अभ्यासक’ म्हणवून घेतात, आणि आपण टाळ्या वाजवतो.

या मंडळींची नेहमीची सबब अशी की, ‘पक्षी पाच मिनिटांत परत आला, काही बिघडले नाही.’ पाच मिनिटे खरी मानू. पण त्या घरट्याचे ठिकाण तुम्ही त्याच रात्री व्हॉट्सॲपच्या गटात टाकता. दुसऱ्या दिवशी रविवार असतो. तीन शहरांतून गाड्या येतात, आणि येणारा प्रत्येक जण आपली पाच मिनिटे घेऊन येतो. बारा जणांचा मिळून एक तास होतो, हा हिशेब त्या बापाला अंड्यांवरून उठून करावा लागतो. शिवाय परत येणे म्हणजे सुखरूप असणे नव्हे. अंडी कधीच थंड पडलेली असूनही पक्षी त्यांच्यावर येऊन बसतात.

दुसरी सबब जनजागृतीची. लोकांनी ही चित्रे पाहिली नाहीत तर त्यांना पक्ष्यांविषयी प्रेम कसे वाटणार? आम्ही उलट विचारतो: त्याच पक्ष्याची, त्याच कोनातली, त्याच थेंबांची हजार चित्रे जालावर पडलेली असताना एक हजार एकाव्या चित्राने कोणाला जाग येणार आहे? सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींची वसाहत न्याहाळली. नोकरी नव्हती, पैसा नव्हता, होती ती चिकाटी. कनातीआड बसून, दिवसचे दिवस वही लिहून त्यांनी सुगरणीच्या संसाराची जी रीत उलगडली, नर अर्धवट घरटी बांधतो आणि मादीने पसंत केल्यावरच ती पुरी करतो, ती पक्षिशास्त्रात भर होती. त्यातून ज्ञान निघाले. तुमच्या ‘बर्स्ट’मधून, सेकंदाला वीस चित्रांच्या त्या भडिमारातून, काय निघाले? किती अंडी, किती फुटली, किती पिले उडाली याची वही तुमच्यापैकी कितीजण ठेवतात?

लोदर आणि लोक वान थो यांची नावे इथे हमखास पुढे केली जातात. होय, मागच्या शतकाच्या मध्यावर त्यांनी भारतात घरट्यांवरच्या पक्ष्यांची चित्रे काढली, आणि ती थोर आहेत. त्यांच्या काळी अनेक जातींचे घरटे कसे असते याची धड नोंद नव्हती, जड कॅमेरा होता, आणि एका घरट्यापाशी एक माणूस आडोसा करून तासन्तास बसत होता. नोंद झाली. ते काम संपले. ब्रिटनने १९८१ च्या कायद्याने दुर्मीळ पक्ष्यांच्या घरट्याजवळ जाऊन चित्र काढायलाही परवाना बंधनकारक केला. ज्या देशातून हा छंद आपल्याकडे आला त्यांनी तो आवरला, आपण मात्र आजोबांची सनद दाखवत फिरतो.

भरतपूरला केवलादेवच्या देवळापाशी एक शिलालेख आहे. कोणत्या तारखेला, कोणाच्या सन्मानार्थ, किती बंदुकांनी किती पक्षी पाडले, याची ती यादी. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पार्टीने एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले, हे तिथे कोरलेले आहे. कोरणाऱ्यांना त्यात लाज वाटली नाही; तो पराक्रम होता. आज आपण ती शिळा पाहून हळहळतो. पण दर पावसाळ्यात मोबाइलच्या पडद्यावर जे चढवले जाते ते त्याच जातीचे आहे: मी गेलो, मी गाठले, पाहा. फरक एवढाच की त्यांनी आकडे लपवले नाहीत. आणि आजचे भरतपूर पाहा. जुलै-ऑगस्टपासून तिथे करकोचे-बगळ्यांची दाट वीण होते, पण पाहणारा रस्त्यावरून, बांधावरून पाहतो. पाण्यात उतरत नाही. चित्रे तिथूनही निघतात, चांगली निघतात.

आमच्या चिंतेचा सर्वांत नाजूक भाग मात्र पूर्व विदर्भात आहे. गोंदिया-भंडाऱ्याच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या आसपास, धानाच्या बांध्यांत, सारस पावसाळ्यात घरटे करतो. साचलेल्या पाण्यात गवताचा ढीग, त्यात एक किंवा दोन अंडी, महिनाभराची उबवण. साऱ्या महाराष्ट्रात मिळून हे पक्षी पन्नासही भरत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्वतःहून याची दखल घेतली. ज्याच्या बांधीत घरटे येते तो शेतकरी तेवढा तुकडा सांभाळून रोवणी करतो, गावातली पोरे पहारा देतात. दोन एकरांचा धनी आपले पीक बाजूला ठेवतो, आणि शहरातून आलेल्या पाहुण्याला बांधावर थांबणे जमत नाही! आदिकवीने क्रौंच पक्ष्याच्या जोडीतला एक मारणाऱ्या व्याधाला शाप दिला. तो व्याध निदान पोटासाठी बाण मारत होता. या पाहुण्याचे पोट भरलेले आहे, त्याला भूक आहे ती मोबाइलवरच्या ‘लाइक’च्या अंगठ्यांची.

‘आधी तळी बुजवणाऱ्यांना धरा, झाडे पाडणाऱ्यांना धरा, मग आम्हाला बोला’ हा शेवटचा बाण त्यांच्या भात्यात असतो. धरूच. २०२२ च्या सप्टेंबरात केरळात मलप्पुरम जिल्ह्यात महामार्गाच्या रुंदीकरणासाठी घरट्यांनी भरलेले झाड जेसीबीने पाडले, पाणकावळ्यांची पिले रस्त्यावर आपटून मेली, देशभर त्याची चित्रफीत फिरली आणि गुन्हा दाखल झाला. त्याविरुद्ध सर्वांत मोठ्याने कोण ओरडले? हेच कॅमेरेवाले, आणि ते योग्यच होते. पण जेसीबीवाल्याने पक्ष्यांवर प्रेम असल्याचा दावा केला नव्हता. तुम्ही करता. म्हणून तुम्हाला वेगळे माप लावले जाईल.

हे थांबवायला नवा कायदा नको, नवे महामंडळ तर नकोच. या छायाचित्राला बाजारात भाव आहे तोवर ते निघत राहील. भाव पाडला की ते बंद होईल. भाव देतो कोण? १९ ऑगस्टला, ऐन विणीच्या हंगामात, जागतिक छायाचित्रण दिनाच्या निमित्ताने स्पर्धा भरवणारी मंडळे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताहाची प्रदर्शने लावणारे वनखाते. दिवाळीला दिनदर्शिका छापणाऱ्या बँका आणि पतसंस्था. पाण्यात उतरवून ‘विणीचे शॉट’ मिळवून देण्याचे पैसे घेणारे सहल-शिबिरवाले. आणि वृत्तपत्रे, रविवारच्या पुरवणीत अर्धे पान रिकामे राहू नये म्हणून काहीही छापणारी आमचीच जात.

वनखात्याने या वर्षीच्या स्पर्धेच्या नियमपत्रकात एक ओळ घालावी: घरटे, अंडी, घरट्यातली पिले किंवा अंड्यांवर बसलेला पक्षी असलेले चित्र बाद. अभयारण्यात छायाचित्रणाच्या परवान्यालाच आता कलम २८ मध्ये अधिवासाला आणि वन्यजीवांना अपाय न होण्याची अट आहे. ज्या खात्याने ती अट राबवायची त्यानेच तिचा भंग भिंतीवर टांगू नये. ५ ते १२ नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह राज्य सरकारने मारुती चितमपल्ली आणि सलीम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून सुरू केला आहे. चितमपल्लींनी आयुष्य जंगलात काढले, तळ्यांवर काढले. त्यांच्या नावाच्या आठवड्यात घरट्यांची चित्रे लावणे हा त्यांचा अपमान आहे. पक्षिमित्रांच्या संस्थांनी आपल्या सभासदांपासून सुरुवात करावी, आणि वारंवार घरटी गाठणाऱ्याला दार दाखवावे. गोड बोलून हे थांबत नाही, पुष्कळ वर्षे गोड बोलून पाहिले. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थांकडे आहे त्यांनी जून ते सप्टेंबर घरट्यांकडे डोंगा न्यायचा नाही असा ठराव करावा. नावाड्याला मात्र कोणी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. पाचशेची नोट दाखवून ‘अजून थोडे जवळ घे’ म्हणणारा खरा गुन्हेगार आहे, आणि त्याच्याकडे वकील करायला पैसे आहेत हे आम्हाला ठाऊक आहे.

या वृत्तपत्रापुरते सांगायचे तर, आजपासून आमच्या एकाही पानावर घरट्यावरच्या पक्ष्याचे छायाचित्र येणार नाही. ते पाठवणाऱ्याचे नाव कितीही मोठे असो. पावसातल्या पाणपक्ष्यांची चित्रे आम्हाला जरूर पाठवा. बांधावरून टिपलेली जांभळी पाणकोंबडी, चिखलात भांडणारे वंचक, सर येताच उठणारा अडयांचा थवा, पिले पाठीवर घेऊन मोकळ्या पाण्यात पोहणारी टिबुकली. ती आम्ही मोठी छापू.

आणि वाचकहो, तुमच्या गावच्या तळ्यावर, सारंगागाराखाली किंवा धानाच्या बांधीत घरट्याभोवती कॅमेऱ्यांचा घोळका दिसला, तर भांडत बसू नका. गाडीचा क्रमांक टिपा, दुरून त्यांचेच एक छायाचित्र घ्या आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करून कलम ९ खाली तक्रार नोंदवा.